निकालपत्रातली विचारसरणी कशी ओळखावी

न्यायमूर्तींना कोणत्या सरकारच्या काळात नेमलं, एवढ्यावरून त्यांना डावे-उजवे ठरवू नका. निकालपत्र वाचा. मी लॉ कॉलेजात घटना शिकवते आणि याच कामासाठी मुलांच्या हातात ५ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देते: प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. वाद आपल्या मुंबईतल्या जुन्या सेस इमारतींचा, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा इमारतींचा. म्हाडा कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीनुसार ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली, तर म्हाडाला इमारत संपादित करता येते. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या १०० पट. गिरगावातली जुनी भाडेपावती पाहिलेल्याला ही रक्कम किती होते ते सांगायला नको.

आधी सैल शब्द शोधा. कायदा नेमका असेल तिथे न्यायाधीशाच्या विचारांना फारसा वाव नसतो. ही दुरुस्ती घटनेच्या कलम ३९(ब) चा आधार घेते: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागलं जावं, असं धोरण राज्याने ठेवावं. त्यातली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ही शब्दयोजना सैल आहे. खासगी मालकीची इमारत त्यात मोडते का? मालमत्तेकडे तुम्ही कसं पाहता, यावर उत्तर बदलतं.

मग मागे जा. हाच प्रश्न १९७७ मध्ये रंगनाथ रेड्डी खटल्यात, कर्नाटकातल्या खासगी बसगाड्यांच्या राष्ट्रीयीकरणावरून आला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी तिघांच्या वतीने लिहिलं की खासगी साधनंही यात येतात. उरलेल्या चौघांनी या मुद्द्यापासून स्वतःला स्पष्टपणे वेगळं ठेवलं. तरीही १९८२ च्या, कोक कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणावरच्या संजीव कोक निकालात अल्पमतातलीच भूमिका उचलली गेली. बहुमताचं सोडून अल्पमताचा आधार घेतलेला दिसला की पेन्सिलीने खूण करा. निवड कुठे झाली ते तिथे सापडतं.

आता २०२४ ची तिन्ही मतं शेजारी ठेवून वाचा. इथे घाई करू नका. सात न्यायमूर्तींच्या वतीने तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड म्हणतात की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. साधनाचं स्वरूप, त्याची टंचाई, ते मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम हे पाहावं लागेल. जुनी भूमिका एका विशिष्ट आर्थिक विचारसरणीतून आली, असंही ते लिहितात. न्या. नागरत्ना निष्कर्षाशी बऱ्याच अंशी सहमत, पण पूर्वीच्या न्यायमूर्तींवरची टीका त्यांना मान्य नाही. न्या. धुलिया पूर्ण विरोधात: विषमता संपलेली नाही, व्यापक अर्थच हवा. मला धुलियांचं म्हणणं पटतं, आणि ते मी वर्गात लपवत नाही. बहुमताचं ‘न्यायालयाने आर्थिक धोरण ठरवू नये’ हे म्हणणं तटस्थ वाटतं, पण उदारीकरणानंतरच्या काळात तेही एका बाजूला झुकतंच.

शेवटी उलट तपासणी करा: ज्या न्यायमूर्तींवर शिक्का मारलात, त्यांचा त्या शिक्क्यात न बसणारा निकाल शोधा. कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळातल्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते आणि सर्वोच्च न्यायालयात आले ते इंदिरा गांधींच्या काळात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराजींची निवडणूक रद्द केली, तेव्हा २४ जून १९७५ रोजी त्या निकालाला पूर्ण स्थगिती नाकारणारे, त्यांनी खासदार म्हणून मतदान करू नये अशी अट घालणारे न्यायमूर्ती तेच.