नव्या कोल्हापूरकरांनो, नागपुरातून कोलकात्याच्या फुटबॉल डर्बीला असं जा

नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीत नोकरी लागून आलेल्या आपल्याकडच्या पोरांचा पहिल्या महिन्यात मला हमखास फोन येतो. खोली मिळालेली असते, मेस लागलेली असते, सावजी खाऊन एकदा डोळ्यांतून पाणीही काढून झालेलं असतं. "दादा, तिकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच आहे आणि मी इथं खोलीवर कपडे धुतोय. रविवारी करायचं काय?"

सोळा वर्षांपूर्वी मीही असाच कपडे धूत बसायचो. नागपूर म्हणजे जामठ्याचं क्रिकेट, फुटबॉल आपल्या शाहू स्टेडियमवरच राहिला, असं मनाशी धरून चाललो होतो. ती चूक तुम्ही करू नका. आल्या आल्या पहिल्या मोकळ्या रविवारी कामठी गाठा. छावणीचं गाव आहे, फुटबॉलचा नाद आपल्या पेठांइतकाच जुना आणि मुरलेला. रब्बानी क्लबची मॅच असली की मैदानाच्या कडेला उभं राहून शिव्या घालणारे म्हातारे बघा, भाषा सोडली तर शिवाजी पेठेतलेच वाटतील. शहरात मोतीबागेच्या रेल्वे मैदानावरही सामने होतात. आणि झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावणारं 'स्लम सॉकर' याच गावातलं. हिस्लॉप कॉलेजातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा इथं फुटबॉल नाही, असं कुणापुढे म्हणू नका.

पण हजारोंची गॅलरी अंगावर घ्यायची हौस असेल, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन हाडवैरी संघांची मॅच, डर्बी, बघायची असेल, तर एक हिशेब डोक्यात पक्का करा. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून कोल्हापूरला पोचायला एक दिवसाहून जास्त घेते. गीतांजली एक्स्प्रेस कोलकात्याच्या हावडा स्टेशनला वीस तासांच्या आत नेते. म्हणजे शाहू स्टेडियमपेक्षा कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम आपल्याला जवळ! हे ध्यानात यायला मला चार वर्षं लागली. पहिल्यांदा निघालो तेव्हा ऑफिसातला नागपूरकर मित्र म्हणाला, "का बे, एका मॅचसाठी कलकत्त्याले जाऊन राह्यला?" आता तोच दर वेळी बरोबर असतो.

सगळी जोडणी गीतांजलीच्या वेळेवर उभी आहे. मुंबईहून सकाळी निघालेली गाडी शुक्रवारी संध्याकाळी नागपुरात येते, शनिवारी दुपारी हावड्याला टेकते. परतीची रविवारी दुपारी हावड्याहून सुटते आणि सोमवारी सकाळी तुम्ही नागपुरात. त्यामुळे मॅच शनिवारी संध्याकाळची असेल तरच हा बेत आखा. रविवारची असेल तर सोमवारची रजा टाका किंवा सरळ विमान बघा, ओढाताण करू नका. हिवाळ्यात गाडीला उशीर होतो, हेही धरून चाला.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सामन्याची तारीख मात्र पुष्कळदा त्यानंतर ठरते, म्हणून शेवटी तत्काळवर येतं. जातानाचं तत्काळ गुरुवारी सकाळी एसीसाठी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. ते जमतं. खरी गोची परतीची. रविवारच्या गाडीचं तत्काळ शनिवारी सकाळी उघडतं आणि तेव्हा तुम्ही स्वतःच गाडीत असता. टाटानगर मागे पडलेलं, मोबाइलची रेंज येते-जाते, आधारचा ओटीपी अर्ध्यावर लटकलेला. मी एकदा दाराशी उभा राहून हात बाहेर काढून रेंज शोधत होतो, तोवर वेटिंग शंभरच्या पुढे गेलं. तेव्हापासून नियम एकच: आधी परतीचं तिकीट, मग जाण्याचं, मग मॅचचं. ज्याचं परतीचं निश्चित नाही त्याला मी बरोबर घेत नाही. भले तो मावसभाऊ असो.

हावड्याला उतरलात की टॅक्सीवाल्यांकडे बघूही नका. स्टेशनखालीच मेट्रो आहे. सरकते जिने उतरता उतरता वाटतं, आता पाताळच येणार. पुढं हुगळी नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा बोगदा गाडी पाऊण मिनिटात पार करते. नदी कुठं सुरू झाली हे भिंतीवरच्या निळ्या दिव्यांनी कळतं, आणि तिथले रोजचे प्रवासीसुद्धा अजून फोन वर काढतात. हीच गाडी सियालदहवरून थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला जाते. म्हणून मुक्काम सियालदहच्या आसपास करा. लॉज साधे असतात, पण मॅच सुटल्यावर त्याच मेट्रोने परत येता येतं. शेवटची गाडी किती वाजता, ते जातानाच विचारून ठेवा. मोठी बॅग स्टेडियमच्या दारात अडते, ती लॉजवर किंवा हावड्याच्या क्लोकरूममध्ये ठेवा. क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्या.

आता डर्बी. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. एक मूळच्या पश्चिम बंगाल्यांचा, दुसरा पूर्वेकडून आलेल्यांचा. पेठेपेठेतली खुन्नस आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथं ती ताटातही उतरते: ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला या स्टेडियमवर १ लाख ३१ हजारांवर माणूस होता. बायचुंग भुतियाने तीन गोल ठोकले, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. नूतनीकरणानंतर जागा जवळपास निम्म्या झाल्यात, आवाज मात्र कानठळ्या बसवणाराच.

तिकीट काढताना कुठली गॅलरी कुणाची, हे आधी नीट बघा. हिरवा-मरून मोहन बागानचा, लाल-पिवळा ईस्ट बंगालचा. आमच्यातला एकजण ब्राझीलची पिवळी जर्सी घालून मोहन बागानच्या गॅलरीत बसला. मागचे चौघे काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. पंधराव्या मिनिटाला त्याने ती काढून उलटी घातली. हसण्यावारी नेऊ नका. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या मॅचला गॅलरीत मारामारी पेटली आणि १६ प्रेक्षकांचा जीव गेला. पांढरा किंवा करडा शर्ट घाला आणि गप्प मजा बघा.

मॅच रद्द होऊ शकते, ही तयारीही ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्युरँड कप स्पर्धेतली डर्बी आदल्या दिवशी रद्द झाली. शहरात आंदोलन पेटलेलं, बंदोबस्ताला पोलीस अपुरे. आमची बॅग भरून दाराशी ठेवलेली. गाडीचे आणि लॉजचे पैसे बुडाले, आणि राखीला कोल्हापूरला न आल्याबद्दल बहिणीचं जे ऐकलं ते वेगळंच. तेव्हापासून लॉज 'आल्यावर पैसे'वालाच बघतो.

रविवारची सकाळ 'मैदाना'साठी, म्हणजे कोलकात्याच्या मधोमध असलेल्या मोठ्या मोकळ्या माळासाठी. मेट्रो रविवारी उशिरा सुरू होते, म्हणून लवकर निघायचं तर बसने एस्प्लनेडला या आणि चालत सुटा. क्लबांचे तंबू तिथंच आहेत, कँटीनमध्ये चिकन स्ट्यू आणि टोस्ट मिळतो. २९ जुलै १९११ ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ ने हरवलं. अकरातले दहा अनवाणी, बूट एकाच्याच पायात. आपण लहानपणी गांधी मैदानावर अनवाणी खेळून नखं फोडून घेतलेली आहेत. मला तिथल्या गवतावर चप्पल काढल्याशिवाय राहवत नाही. मित्र हसतो, हसू दे.

बाराच्या आत हावडा गाठा, फार रेंगाळू नका. दुपारचं जेवण बांधून घ्या. कोलकात्याचा संदेश नागपुरात ऑफिसला वाटायला न्या, तेवढ्याने पुढची रजा सोपी जाते. आणि सोमवारचा इस्त्रीचा शर्ट शुक्रवारीच वेगळ्या पिशवीत टाका. गाडी वेळेवर असली तर स्टेशनावर तोंड धुऊन, बाहेर तर्री पोहे खाऊन, सीताबर्डीहून खापरीची मेट्रो आरामात मिळते. वेळेवर नसली तर गोंदियालाच साहेबांना मेसेज टाका.