स्वस्तातला बेस अँप: घेण्याआधी काय तपासायचं

बेस गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपच्या खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर भाळू नका. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. जादा पैसे मोजायचेच तर मोठ्या स्पीकरसाठी आणि लाइन आउटसाठी, म्हणजे आवाज साउंड सिस्टिमला पाठवणाऱ्या जोडणीसाठी मोजा.

चार तारांच्या बेसची मोकळी ई तार 41 हर्ट्झवर वाजते. 8 इंची स्पीकरच्या छोट्या खोक्यातून हा मूळ स्वर फारसा बाहेरच पडत नाही. 82 आणि 123 हर्ट्झचे, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे वरचे स्वरांश ऐकून कान तो भरून काढतो. घरच्या रियाजाला एवढं पुरतं, ड्रमसोबत नाही. फेंडरच्या रंबल मालिकेत हा फरक सरळ दिसतो: रंबल 25 मध्ये 8 इंची स्पीकर आहे आणि एक्सएलआर (तीन पिनांचा) लाइन आउट नाही, रंबल 40 मध्ये 10 इंची स्पीकर आणि लाइन आउट दोन्ही आहेत. लाइन आउट असला की कार्यक्रमात साउंड मिक्सरला जोडता येतं आणि छोटा अँप फक्त स्वतःला ऐकू येण्यापुरता ठेवता येतो.

दुकानात स्वतःचा बेस घेऊन जा. टोनचे सगळे नॉब मध्यावर, इफेक्टची बटणं बंद. ई तारेवर पहिल्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने वाजवा. एखादाच घुमला तर अँप चार-पाच फूट सरकवून पुन्हा वाजवा. घुमणारा स्वर बदलला तर दोष खोलीचा, तोच राहिला तर खोक्याचा. मग व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. खडखड ऐकू आली तर आधी जाळी, हँडल, स्क्रू हाताने दाबून बघा. बऱ्याचदा तेवढंच निघतं. मोकळी ई तार फाटल्यासारखी वाजू लागली की अँपची मर्यादा आली. तुम्हाला लागणारा आवाज त्याच्या बराच अलीकडे मिळायला हवा.

घरी आणल्यावर बहुतेकजण पहिल्यांदा अँपवरचा बेसचा, म्हणजे खालच्या स्वरांचा नॉब पूर्ण फिरवतात आणि छोटा अँप तिथेच गुदमरतो. खालचे स्वर 6 डेसिबलने उचलायला चौपट वॅट लागतात. त्याउलट बेसचा नॉब थोडा कमी करून मिड, म्हणजे मधले स्वर वाढवा. ड्रममधून तेच ऐकू येतात. खर्ज कमी वाटला तर अँप भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवा, त्याला एक पैसाही लागत नाही. गुणगुण येत असेल तर आधी घरातलं अर्थिंग तपासा. दोन पिनांचं अ‍ॅडॉप्टर लावून अर्थिंग तोडू नका, शॉक बसू शकतो.

जुना अँप घेताना नॉब फिरवून खरखर ऐका. ती बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. बंद अँपच्या स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी बोटांनी अगदी हलका दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल बिघडली आहे, सौदा सोडा. अमेरिकेतून कुणी आणून दिलेला अँप असेल तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. फक्त 120 व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात लावू नका.

पुढे बाहेरची कॅबिनेट (स्पीकरची वेगळी पेटी) जोडणार असाल तर ओहम, म्हणजे विद्युत रोधाचा आकडा जुळवा. 8 ओहमच्या दोन कॅबिनेट समांतर जोडल्या की 4 ओहम होतात. अँपवर किमान 8 लिहिलं असेल तर आउटपुट जळू शकतं. आणि ही जोडणी स्पीकर केबलनेच करा, गिटारच्या केबलने नाही.