तेलाचा पैसा: देश कुठे चुकतात आणि दुरुस्ती कशी करायची

पहिली चूक बजेटमध्येच होते. बॅरलला 100 डॉलर भाव चालू आहे, मग खर्चही तेवढा धरून बसवायचा. जून 2014 मध्ये 110 डॉलरच्या वर असलेलं ब्रेंट (जगात भाव ठरवताना धरतात ते कच्चं तेल) जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली आलं होतं. तेजीत केलेली नोकरभरती आणि वाटलेली सबसिडी भाव पडला म्हणून मागे घेता येत नाही. घानाच्या 2011 च्या कायद्यातली पद्धत बरी आहे: मागची चार वर्षं, चालू वर्ष आणि पुढची दोन, अशी सात वर्षांची सरासरी काढून उत्पन्न धरायचं. त्यातलं जास्तीत जास्त 70 टक्के बजेटला, उरलेलं बचतीच्या फंडात.

दुसरी चूक उशिरा दिसते, पण कोल्हापूरकराला लगेच कळेल. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं कास्टिंग किलोला 160 रुपयांना विकतं. डॉलर 80 रुपये असताना परदेशी गिऱ्हाइकाला ते 2 डॉलरला पडतं. उद्या देशात भरमसाट तेल लागलं, निर्यातीचे डॉलर ओतले गेले आणि डॉलर 60 वर उतरला, तर तेच कास्टिंग 2.67 डॉलरला जाईल. मोल्डिंग तेच, रिजेक्शनही तेवढंच, तरी ऑर्डर दुसऱ्या देशात. वर चांगले फिटर तेलकंपनीच्या पगारावर निघून जातात ते वेगळंच. ग्रोनिंगेनचा गॅस लागल्यावर नेदरलँड्सच्या कारखानदारीचं असंच झालं. 'डच डिसीज' हे नाव तिथलं. तेल आटेपर्यंत पर्यायी धंदाच उरत नाही, म्हणून हा रोग सगळ्यात महागाचा. उपाय एकच: डॉलर देशात एकदम ओतायचे नाहीत. नॉर्वेचा फंड म्हणूनच फक्त परदेशात गुंतवणूक करतो.

पण नुसता फंड काढून भागत नाही. चाडने तेलाच्या उत्पन्नातले 10 टक्के भावी पिढ्यांसाठी कायद्याने बाजूला काढले. निर्यात 2003 ला सुरू झाली आणि 2006 ला सरकारने तो फंडच मोडला. पैसा आत कसा जातो यापेक्षा बाहेर कसा येतो, हे आधी बघा. नॉर्वेने 2001 मध्ये वर्षाला साधारण फंडाच्या 4 टक्केच काढायचे अशी मर्यादा घातली, 2017 मध्ये ती 3 वर आणली. फंड 3 टक्के कमावतोय आणि सरकार 9 टक्क्यांनी कर्ज काढतंय, असं असेल तर ती बचत कागदावरचीच.

तब्येत तपासायची तर तेलाचं उत्पन्न वगळून तूट किती, हा आकडा दरवर्षी जाहीर करायला लावा. तो वाढत असेल तर करवसुली ढिली पडली आहे किंवा खर्च वाढला आहे.

शेवटी विहिरी बंद करण्याचा खर्च. सिमेंटचे प्लग, समुद्रातले प्लॅटफॉर्म काढणं, पाइपलाइन साफ करणं, ही रक्कम उत्पादन जोरात असतानाच कंपनीकडून वेगळ्या खात्यात भरून घ्या. ग्रोनिंगेनचं क्षेत्र गॅस उपशाने होणाऱ्या भूकंपांमुळे 2024 मध्ये कायमचं बंद झालं; तडे गेलेल्या घरांची भरपाई त्यानंतरही चालूच राहिली.