दवा बाजारातले दादा आणि औषधांची आडनावं

मोठ्या माणसाला इंग्रजी वाचायला शिकवणार असाल, तर आधी माझी चूक ऐका. पहिल्याच दिवशी मी ‘ए फॉर ॲपल’चं चित्रांचं पुस्तक काढलं. समोर बसलेले गृहस्थ पंचेचाळिशीचे, इंदूरच्या दवा बाजारात घाऊक औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलेले. दोन पानं त्यांनी निमूट वाचली आणि पुढचा आठवडाभर फिरकलेच नाहीत.

वहिनींनी पिटाळलं म्हणून परत आले. या वेळी मी पुस्तक काढलंच नाही. विचारलं, “दादा, दुकानात अडतं कुठे?”

“ताई, मी माल खोक्याच्या रंगावरून काढतो. कंपनीनं रंग बदलला की संपलं.”

दुसऱ्या रविवारी ते रिकाम्या खोक्यांची पिशवीच घेऊन आले. तेच आमचं पाठ्यपुस्तक.

अक्षरं त्यांना येत होती. पण पहिली तीन-चार अक्षरं वाचायची आणि पुढचं अंदाजानं ठोकायचं, ही सवय होती. मोठ्यांमध्ये ही हमखास सापडते, कारण इतकी वर्षं त्यांनी अंदाजावरच निभावलेलं असतं. औषधात हा अंदाज महागात पडतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर, आणि दोन्हींची सुरुवात तीच. मग मी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा नावावर ठेवून तो हळूहळू सरकवायला लागले. हाय, ड्रॉक, सि, झिन. जेवढं दिसतं तेवढंच वाचायचं.

शेपटाकडे लक्ष गेलं तशी गंमत वाढली. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. लोसार्टन, टेल्मिसार्टन. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. दादा म्हणाले, “ही तर आडनावं झाली की!” खरंच आहे, एका जातीच्या औषधांच्या नावाचा शेवट बरेचदा सारखाच असतो. हे मला शिकवायला सुचलं नसतं.

नियम मी थोडेच दिले. त्यातला ‘सी’चा सोन्यासारखा निघाला. पुढे ई, आय किंवा वाय असेल तर ‘स’, एरवी बहुतेक ‘क’. म्हणून सेटिरिझिन, पण कॅल्शियम. एकदा त्यांनी ‘व्हॅक्सीन’चं स्पेलिंग समोर धरलं आणि म्हणाले, “यात दोन सी आहेत. पहिल्यापुढे सी म्हणून क, दुसऱ्यापुढे आय म्हणून स. क्स!” त्या दिवशी चहा त्यांच्याकडून.

माझी दुसरी चूक म्हणजे शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी लिहू दिली. डोळा आपला सोपा रस्ता धरतो. महिनाभर ते देवनागरीच वाचत होते. शिवाय इथे एक इंदुरी गुंता आहे. घरी मराठी असली तरी शाळा हिंदी, पाट्या हिंदी. ते ‘वैक्सीन’ लिहायचे आणि ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ दोन्हींना एकच ‘व’. शेवटी खोडरबर घेऊन बसलो. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू. हे सांगून कळत नाही, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा समोर धरायला लावा.

‘झेड’साठी गळ्यावर हात ठेवून ‘सऽऽ’ म्हणायला लावते आणि मग त्यातच आवाज सोडायला सांगते. गळा थरथरला की जमलं. नाहीतर सेटिरिझिनचं ‘सेटिरिजिन’ होतं.

“इंग्रजीत लिहितात एक, वाचतात एक,” ही तक्रार तुमचा शिकाऊही करणारच. मी वहीत ‘जग’ लिहिलं आणि वाचायला सांगितलं. मग म्हटलं, “आता पाण्याचा जग वाचा.” अक्षरं तीच, उच्चार वेगळा! दादा बराच वेळ हसत होते. आपल्या भाषेतली खोड दिसली की दुसरीच्या खोडीचा राग कमी येतो.

वाचताना मध्येच टोकू नका. मी ओळ पूर्ण होऊ देते, अडलेल्या शब्दाखाली टिंब देते आणि एका बैठकीत एकच उच्चार दुरुस्त करते. दर महिन्याला एक मिनिटाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांनी पूर्वी लावलेल्या एका क्लासनं दोन महिने नुसतं ‘हाऊ आर यू’ घोकवलं होतं, त्यामुळे आपण पुढे सरकतोय यावर त्यांचा विश्वासच नव्हता. पहिलं आणि चौथं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवलं तेव्हा बसला.

‘टी एच’चा उच्चार मात्र मी सोडून दिला. ते आपला ‘थ’ म्हणतात, ‘अझिथ्रोमायसिन’ फोनवर समोरच्याला नीट कळतं. तो वेळ आम्ही सध्या एक्स्पायरीचे महिने आणि बॅच नंबर वाचण्यात घालवतोय.