शस्त्रक्रियेनंतर मणक्यातील व्रणऊती एमआरआयवर कशी शोधावी

कमरेच्या मणक्यांमधील गादीच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने बरे गेले आणि मग पायात पुन्हा कळ उतरू लागली, तर दोन शक्यता प्रथम तपासाव्या लागतात: गादीचा तुकडा पुन्हा सरकला आहे, किंवा शस्त्रक्रियेच्या जागी व्रणऊती (जखम भरताना तयार होणारी ऊती, थोडक्यात व्रण) वाढून नसेच्या मुळाला बिलगली आहे. केवळ लक्षणांवरून हा भेद करणे अवघड असते, आणि उपचार मात्र वेगळे असतात. सरकलेला तुकडा काढता येतो, व्रण काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया केली तर नवा व्रण तयार होण्याचा धोका असतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ‘व्रण की गादी’ हा प्रश्न स्पष्ट लिहून घ्यावा. सोबत शस्त्रक्रियेची तारीख, मणक्याची पातळी, बाजू आणि बसवलेल्या स्क्रू-सळ्यांची माहिती द्यावी. जुन्या प्रतिमा बरोबर न्याव्यात, कारण तुलनेला त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कशाचाच नसतो.

पहिल्या काही आठवड्यांत सूज आणि रक्तामुळे तेथील चित्र हुबेहूब उरलेल्या गादीसारखे दिसू शकते, त्यामुळे घाईने काढलेला एमआरआय दिशाभूल करतो. मात्र ताप येणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही थांबू नये.

नेहमीची पद्धत म्हणजे गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत काही ऊती उजळवणारे औषध) देऊन केलेला एमआरआय. शिरेतून औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर त्याच जागेचे, त्याच जाडीचे टी-१ काप (टी-१ आणि टी-२ हे एमआरआय प्रतिमांचे दोन प्रकार) घेतले जातात. नंतरच्या कापांत चरबीची चमक दाबणे उपयोगी पडते, नाहीतर चरबी आणि व्रण दोन्ही पांढरेच दिसतात. व्रणात रक्तवाहिन्या असल्याने तो लवकर आणि बहुधा एकसारखा उजळतो. गादीच्या तुकड्यात रक्तपुरवठा नसतो, म्हणून तो मध्ये काळाच राहतो आणि फार तर त्याच्या कडेला पातळ उजळ वलय दिसते. येथे वेळेला फार महत्त्व आहे: अर्ध्या तासानंतर औषध झिरपून गादीही उजळू लागते आणि भेद पुसट होतो, त्यामुळे काप पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवेत. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची झालेली ॲलर्जी आधीच सांगावी.

आकारही पाहावा. व्रण अनेकदा मज्जारज्जूच्या आवरणाची पिशवी स्वतःकडे ओढतो, तर गादी तिला ढकलते. पण व्रणही कधी गाठीसारखा फुगलेला असतो, म्हणून एवढ्यावरच निर्णय देऊ नये. टी-२ आडव्या कापांत पिशवीतील नसा एकमेकींना चिकटल्या आहेत का, हेही तपासावे, कारण तो आवरणदाहाचा निराळा आजार असू शकतो. धातूमुळे चित्र विस्कटत असेल तर कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वीच्या कापांत चरबी दाबण्यासाठी स्टिर ही एमआरआयची पद्धत वापरतात. एमआरआय शक्यच नसेल तर सीटी मायलोग्राफीचा (पिशवीतील द्रवात कॉन्ट्रास्ट सोडून केलेल्या सीटी स्कॅनचा) विचार होतो.

व्रण सापडला म्हणजे वेदनेचे कारण सापडले, असे मात्र नाही. काहीही दुखत नसलेल्या अनेक रुग्णांतही तो दिसतो. समजा, डाव्या बाजूच्या एस-१ (माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतील पहिल्या) नसेच्या मुळाभोवती व्रण आहे; तेथील कळ पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला उतरायला हवी. रुग्णाची कळ पावलाच्या वरून अंगठ्याकडे जात असेल, तर ती बहुधा एल-५ (कमरेच्या पाचव्या) मुळाची असते, आणि त्या मुळाचा मार्ग वरच्या पातळीपासून ते मणक्यातून बाहेर पडते त्या छिद्रापर्यंत पुन्हा नीट पाहून घ्यावा.