ऑटोक्रॉसला सुरुवात करताय? मग या चुका टाळा

मिशिगनमध्ये एप्रिल उजाडला आणि रस्त्यांवरचं मीठ पावसानं धुऊन निघालं, की ऑटोक्रॉसच्या नोंदण्या सुरू होतात. इथल्या गाड्यांच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलांचे मला फोनही तेव्हाच सुरू होतात. "दादा, एनडी मियाटा घेतलीय. आधी कॉइलओव्हर टाकू की एक्झॉस्ट?" मियाटा म्हणजे माझदाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, एनडी ही तिची चौथी पिढी; कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच. कुणाकडे टोयोटाची जीआर८६ असते, कुणाकडे होंडाची सिव्हिक एसआय. प्रश्न मात्र ठरलेला: आधी काय टाकू? काही टाकू नकोस, आधी ये आणि चालव. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच काढतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठं रिकामं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी. तिथे ट्रॅफिकचे कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. एक रन साधारण पाऊण ते एक मिनिटाची, बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये. कोन पाडला तर २ सेकंद दंड, गेट, म्हणजे दोन कोनांमधली वाट, चुकलं तर ती रन बाद. भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुतेकदा मातीवरची शर्यत डोळ्यांपुढे येते. इथे सगळं डांबर नाहीतर काँक्रीट. रोज ऑफिसला नेतो तीच गाडी रविवारी आणायची आणि तीच घेऊन घरी जायचं, हे या खेळाचं सगळ्यात मोठं सुख आहे. ते सुख पहिल्याच हंगामात घालवून बसणारे फार दिसतात.

वर्ग न बघता पार्ट लावणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

इथल्या बहुतेक स्पर्धा एससीसीएच्या, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या, सोलो नियमांवर चालतात. त्यात 'स्ट्रीट' नावाचा गट आहे, तो जवळजवळ कंपनीतून आली तशा गाड्यांचा. जवळजवळ म्हणजे काय, ते नियमात लिहिलेलं आहे. शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) बदलता येतात. पुढचा किंवा मागचा, कुठला तरी एक अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा, बदलता येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट चालतो. एअर फिल्टरचा आतला कागद बदलता येतो. टायरची ट्रेडवेअर, म्हणजे रबर किती टिकतं त्याचा टायरवर छापलेला आकडा, २०० किंवा त्याहून जास्त हवी आणि चाकाची रुंदी मूळचीच हवी. स्प्रिंग मात्र बदलायच्या नाहीत, इंजिनच्या संगणकाला हात लावायचा नाही आणि अख्खा इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, बदलायचा नाही.

आता नवा मालक पहिल्या महिन्यात काय करतो? गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि इनटेक. नेमकं जे चालत नाही तेच.

काही वर्षांपूर्वी मूळचा सांगलीकडचा एक मुलगा आमच्याकडे आला. हुशार, कष्टाळू, आणि गाडीवर जीव. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पहिल्या स्पर्धेच्या आधीच त्याने मियाटाला लोअरिंग स्प्रिंग आणि इनटेक लावून घेतले होते. शॉक मात्र जुनेच. नोंदणीच्या टेबलावर त्याला सांगण्यात आलं की गाडी आता स्ट्रीटमध्ये बसत नाही, स्ट्रीट टूरिंगमध्ये जा. तिथे रुंद चाकांच्या, हेडर (इंजिनलगतचे एक्झॉस्टचे पाइप) लावलेल्या, ट्यून केलेल्या आणि वर्षानुवर्षं जमवत आणलेल्या गाड्या. वर आणखी एक भानगड असते. निरनिराळ्या वर्गांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येकाची वेळ पॅक्स नावाच्या गुणकाने गुणतात, आणि जास्त बदल चालणाऱ्या वर्गाचा गुणक जास्त. म्हणजे दोन पार्टांपायी त्याने जड गुणकही गळ्यात बांधून घेतला होता.

हे कागदावरचं झालं. खरी गंमत वळणात होती. छोट्या स्प्रिंगमुळे सस्पेन्शनला खाली जायला जागाच उरली नव्हती. वळणात भार आला की गाडी सरळ बंप-स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन बसायची आणि त्या चाकाची पकड क्षणात सुटायची. काँक्रीटच्या सांध्यावरून जाताना तर मागचा भाग उडायचा, कारण जुन्या शॉकना त्या कडक स्प्रिंग आवरत नव्हत्या. दिवसभर तो गाडी सावरत राहिला. त्याच मॉडेलची, फक्त चांगले टायर घातलेली गाडी त्याच्या कितीतरी पुढे होती. संध्याकाळी त्याने काढलेला निष्कर्ष ऐका: टर्बो लागेल!

मी त्याला म्हटलं, टर्बोचं नंतर बघू, आधी तुझ्या गाडीत आमच्यातला एखादा जुना चालक बसू दे. बसला. त्याच गाडीत, त्याच टायरवर वेळ पाच सेकंदांनी कमी आली. एका मिनिटाच्या मार्गावर पाच सेकंद म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक. तेवढी वेळ त्याच्या हातांत आणि डोळ्यांत दडलेली होती, आणि तो ती पार्टांच्या दुकानात शोधत होता.

ऑगस्टमध्ये त्याच्या पुढच्या टायरची आतली कड झिजून तारा दिसायला लागल्या. गाडी खाली बसवल्यावर अलाइनमेंट केलीच नव्हती, आणि रोजचा हायवेचा प्रवास चालूच होता. ऑटोक्रॉसने टायर खाल्ले असं तो सगळ्यांना सांगत होता; खाल्ले होते बिघडलेल्या टोने, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याने. त्याने मूळच्या स्प्रिंग परत बसवल्या. मियाटाच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, फिरवून घेता येतो. तो निगेटिव्हकडे (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) मिळेल तितका घेतला, पुढचा टो शून्य आणि मागे किंचित टो-इन. उरलेल्या पैशांत चांगले टायर. पुढचा हंगाम त्याने स्ट्रीटमध्ये काढला आणि मजेत काढला.

माझा क्रम अगदी साधा आहे. पहिला हंगाम गाडीवर आहे तेच टायर. ते झिजले की २०० ट्रेडवेअरचे चांगले टायर आणि अलाइनमेंट. त्यानंतर शॉक. नियमावली दर वर्षी बदलते, तेव्हा कुठलाही पार्ट मागवण्याआधी त्या वर्षीची वाचा. 'सगळेच लावतात' याला नियमपुस्तकात जागा नाही.

जवळचा कोन बघत गाडी चालवणं

नवख्यांच्या शेजारी मी बरेचदा बसतो. पहिल्या रनला दहापैकी नऊ जणांची नजर बॉनेटच्या टोकापुढच्या कोनावर खिळलेली असते. तो कोन गेला की पुढचा दिसतो, मग दचकून ब्रेक, मग दचकून स्टिअरिंग. बाहेरून गाडी फार वेगात वाटते, आतून सगळा गोंधळ, आणि घड्याळात वेळ मोठी.

याचा उपाय गाडीत बसायच्या आधी सुरू होतो. सकाळी मार्ग पायी फिरायला वेळ देतात, त्या वेळेत चहा पीत गप्पा मारत उभं राहू नका. मी निदान तीनदा फिरतो आणि त्यातली एक फेरी एकट्याने. पहिल्या फेरीत फक्त रस्ता कुठे जातो ते बघायचं. आडवा पडलेला कोन बाणासारखा असतो, उभ्या कोनाच्या कुठल्या बाजूने जायचं ते तो दाखवतो. दुसऱ्या फेरीत ब्रेक कुठे आणि गॅस कुठे. तिसऱ्या फेरीत मी दर थोड्या अंतरावर खाली उकिडवा बसतो. लोक बघतात, बघू देत. उभं राहून जो मार्ग लख्ख दिसतो, तो मियाटाच्या सीटच्या उंचीवरून नुसता नारिंगी कोनांचा ढीग दिसतो. कोन एकमेकांच्या मागे लपतात. कुठल्या कोनाकडे बघायचं हे त्या उंचीवरूनच ठरवावं लागतं. मग डोळे मिटून मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवायचा. मध्ये अडलात तर परत जा.

गाडीत शेजारी बसलो की मी बोलतो कमी. हात पुढे करून बोटाने पुढच्याच्या पुढचं गेट दाखवत राहतो. एका गेटमध्ये शिरताना नजर त्याच्या पुढच्या गेटवर हवी. एवढं जमलं तरी बहुतेकांची वेळ त्याच दिवशी धडाधड उतरते.

स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, हाच रोग जास्त छळतो. कोन आला की वळायचं असं लोकांना वाटतं. तोवर उशीर झालेला असतो, आणि प्रत्येक कोनागणिक उशीर वाढत जाऊन चौथ्या-पाचव्या कोनाला गाडी बाहेर फेकली जाते. कोन बाजूने जात असताना तुमचं स्टिअरिंग पुढच्या कोनासाठी फिरायला लागलेलं हवं. त्यासाठी आत शिरतानाच वेग थोडा कमी ठेवावा लागतो. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. सरळ पट्ट्यात इंजिन ओरडवण्याची हौस सोडवत नाही, आणि तिथे मिळवलेले दोन दशांश पुढे स्लॅलममध्ये दामदुपटीने जातात.

बाकीच्या, पण नेहमीच्या

सुटं सामान: ट्रंक, दाराचे खण, सीटखालचं सगळं बाहेर काढा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा. ते सरकून ब्रेकच्या पेडलखाली गेलं तर काय होईल याचा विचार करा. डॅशबोर्डवरचा गणपती दुतर्फी टेपवर उभा असेल तर नमस्कार करून पिशवीत नीट ठेवा. ग्लोव्ह बॉक्समध्ये नको, ते वळणात उघडू शकतं.

हेल्मेट: नुसत्या डॉटच्या (अमेरिकी सरकारी मानकाच्या) शिक्क्याचं चालत नाही, स्नेल या संस्थेचं किंवा नियमात मान्य असलेलं दुसरं मानांकन हवं आणि तेही मुदतीतलं. स्नेलचं मोटरसायकलसाठीचं एम मानांकन चालतं. स्वस्तातलं बघून घेऊ नका. बऱ्याच क्लबांकडे नवख्यांना वापरायला हेल्मेट असतात, ते वापरा.

बसणं: पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर आलं पाहिजे. पट्ट्यासाठी माझी सवय अशी: सीट थोडी मागे घ्यायची, पट्टा लावून झटका देऊन लॉक करायचा आणि सीट पुढे आणायची. कमरेवर पट्टा घट्ट बसतो आणि स्टिअरिंगला लटकून राहावं लागत नाही.

हवा: इंटरनेटवर कुणी लिहिलेला आकडा उचलू नका. एनडी मियाटाच्या दारावर २९ पीएसआय लिहिलंय, तिथून सुरू करा. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारा आणि रननंतर बघा. खडू बाजूच्या भिंतीवरही पुसला गेला तर हवा कमी आहे. खांद्यावर तसाच राहिला तर जास्त. टायर तापला की दाब चढतो, म्हणून प्रत्येक रननंतर गेज लावा. वहीत लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही.

स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा): पहिल्या रनला असू द्या, मग बंद करा. इथे वेग बेताचा असतो आणि आजूबाजूला मोकळी जागा असते. उजवा पाय काय चुकतोय ते संगणकाने झाकून टाकलं तर तुम्हाला कधी कळणार? एबीएसला मात्र हात लावू नका.

पेट्रोल: काटा तळाशी घेऊन येऊ नका. जोरदार वळणात पेट्रोल टाकीत एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं. मग दिवसभर लोक इग्निशन कॉइल तपासत बसतात.

हँडब्रेक: रन संपवून ग्रिडवर, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या रांगेत, आलात की गरम ब्रेकवर ओढून ठेवू नका. पहिल्या गिअरमध्ये टाका.

कोनवर काम: प्रत्येकाला एका हीटमध्ये (दुसऱ्या तुकडीची पाळी चालू असताना) मार्गावर उभं राहून कोन उचलावे लागतात. ते टाळून घरी सटकणाऱ्यांबद्दल मला अजिबात आदर नाही. शिवाय शिकायला ती जागा सीटइतकीच चांगली. तिथे कळतं की कोन खडूच्या चौकटीला जरासा टेकून उभा राहिला तर दंड नाही, आणि आडवा झाला की आहेच. फोन खिशात ठेवा, येणाऱ्या गाडीकडे पाठ करू नका, आणि लाल झेंडा दिला तर चालकाने जागच्या जागी थांबायचं असतं हे स्वतः चालवतानाही लक्षात ठेवा.

चाकाचे नट: सकाळी टॉर्क रेंचने, परत घरी निघण्याआधी टॉर्क रेंचने. जीआर८६ला १२० न्यूटन-मीटर, बाकीच्यांनी आपापलं मॅन्युअल बघावं. पाय देऊन घट्ट केलेला नट बरोबर बसला असं समजू नका.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या स्पर्धेनंतर तेच २०० ट्रेडवेअरचे टायर घालून थंडीत ऑफिसला जायला लागू नका. शून्याच्या आसपास ते लाकडासारखे कडक होतात, पकड राहत नाही, आणि काहींचं रबर गोठणाऱ्या थंडीत चिरतं. हिवाळी टायरचा दुसरा संच घ्या आणि उन्हाळ्याचे टायर गार गॅरेजमध्ये न ठेवता तळघरात, घराच्या उबेत ठेवा.