अल्ट्रावाइड मॉनिटर घेताय? आधी टेबल मोजा

मी दिवसा एका सीएच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरते आणि रात्री साडेदहानंतर, लेक झोपली की, ट्रक चालवते. यूरो ट्रक सिम्युलेटर २. तासभर जर्मनीच्या रस्त्यांवरून माल पोचवायचा आणि झोपायचं, एवढंच माझं गेमिंग. अशाच हौशी लोकांसाठी हे लिहितेय.

कोपरखैरण्यात सिडकोचं घर. बेडरूमच्या खिडकीला लागून टेबल, लांबी १०० सेंटिमीटर, खोली ५०. हे आकडे आता पाठ आहेत, कारण पहिला अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर, मी काहीही न मोजता घेतला होता. २९ इंची. आधीचा साधा २४ इंची होता, म्हटलं २९ म्हणजे मोठाच असणार. पण इंच तिरके मोजतात. अल्ट्रावाइडच्या २१:९ या रुंदी-उंचीच्या प्रमाणात २९ इंचांची उंची जेमतेम २८ सेंटिमीटर भरते, म्हणजे साध्या २३ इंचीएवढी. एक्सेलच्या ओळी तेवढ्याच राहिल्या, अक्षरं मात्र बारीक झाली. सासूबाई म्हणाल्या, "दाराच्या फटीतून बघतेयस का गं?" सहा महिन्यांत तो भाच्याकडे गेला.

म्हणून रुंदीला भुलू नका, उंची विचारा. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची साध्या २७ इंचीएवढी, म्हणजे ३३-३४ सेंटिमीटर, आणि रुंदी साधारण ८०. घ्यायच्या आधी रद्दीची पानं जोडून ८२ बाय ३६ चा कागद कापा आणि मॉनिटर जिथे येणार तिथे चिकटवून चार दिवस ठेवा. कपाटाचं दार उघडतं का, खिडकीची कडी हाताला येते का, सगळं कळतं. आमच्याकडे कडी अडकत होती.

टेबलाच्या खोलीचं गणित त्याहून अवघड. रुंद मॉनिटरच्या स्टँडचे पाय पुढे पसरलेले असतात, ते सहज वीत-सव्वा वीत जागा खातात. ५० सेंटिमीटरच्या टेबलावर पडदा अगदी नाकासमोर येतो आणि कडा बघायला मान फिरवावी लागते. मी स्टँड काढून आर्म लावला, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा, मॉनिटर पाठीमागून धरणारा हात. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० मिलिमीटरच्या अंतराची भोकं आहेत का आणि आर्म किती किलो पेलतो, हे आधी बघा. टेबल भुशाच्या बोर्डाचं असेल तर क्लॅम्पखाली प्लायची पट्टी द्या, नाहीतर बोर्ड चेपतो.

आता रेझोल्युशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके (पिक्सेल) आहेत ते. ३४ इंचांत दोन प्रकार मिळतात, २५६०×१०८० आणि ३४४०×१४४०. पहिला स्वस्त असतो, पण इंचाला सुमारे ८२ पिक्सेलच येतात, दुसऱ्यात ११०. फरक बघायचा तर दुकानात एखादी मराठी बातमी उघडायला सांगा आणि रफार, अनुस्वार न्याहाळा. ८२ वाल्यावर "र्त्यां"सारखं अक्षर नुसता डाग दिसतं. इंग्रजी मजकुरात हे इतकं जाणवत नाही, म्हणून विक्रेता इंग्रजीच पान दाखवतो.

अर्थात ३४४०×१४४० म्हणजे जवळपास ४९.५ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या दुपटीहून जास्त. तेवढं ओझं ग्राफिक्स कार्डाने ओढायला हवं. माझ्या जीटीएक्स १६५० या साध्या कार्डावर ट्रक चालतो, नवे भारी गेम धापा टाकतात. तेव्हा गेमच्या सेटिंगमध्ये २५६०×१०८० निवडायचं. प्रमाण जवळपास तेच असल्यामुळे पडदा भरतो, चित्र थोडं मऊ दिसतं इतकंच.

आपले गेम रुंद पडद्यावर पसरतात का, हेही बघून ठेवा. ट्रकमध्ये दोन्ही बाजूच्या खिडक्या जास्त दिसतात, एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये नकाशा जास्त दिसतो. पण एल्डन रिंग हा गेम साध्या मॉनिटरच्या १६:९ प्रमाणापुढे जात नाही, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. पीएस५ हा गेमिंग कन्सोल लावलात तरी तेच. क्रिकेटलाही तेच, आणि आमच्याकडे दर मॅचला "बाजूला काळं का दिसतंय?" होतंच.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, थोडक्यात: व्हीए, आयपीएस आणि ओएलईडी असे तीन मिळतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग खरोखर काळा, पण काही व्हीएंवर अंधाऱ्या दृश्यात हालचालीमागे डाग ओढल्यासारखे दिसतात. रात्रीच्या हायवेवर झाडं शेपटी सोडत जातात. आयपीएसवर ते कमी, पण त्याचा काळा राखाडीकडे झुकतो. ओएलईडी माझ्या बजेटबाहेर. माझी खिडकी पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. चार वाजता ऊन थेट पडद्यावर. त्यामुळे चकचकीत काच मी बघितलीसुद्धा नाही, मॅट फिनिशचा व्हीए घेतला. वक्रता १५००आर, म्हणजे पडदा १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळासारखा वळलेला. पहिले दोन दिवस एक्सेलच्या रेघा वाकड्या वाटल्या, नंतर विसरायला झालं.

घरी आणल्यावर पंधरा दिवस मी १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभरदा चित्र बदलणारा, मॉनिटर ६० वर वापरला. विंडोज स्वतःहून वाढवेलच असं नाही. डिस्प्ले सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा बदला. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. जुन्या एचडीएमआय १.४ वर ३४४०×१४४० ५०-६० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मॉनिटरचा वेग गेमच्या वेगाशी जुळवणारं फ्रीसिंकही मॉनिटरच्या मेनूत शिरून चालू करा, गेम अडखळला तरी चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसत नाही.

पैशांबद्दल एक, माझ्या धंद्यातलं. ३२ इंचांवरच्या मॉनिटरवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ आहे. त्यामुळे ३४ इंचीचे जुने भाव कुणी सांगितले तर ते ताडून बघा. आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त मिळाला तरी खोकं घेऊन लोकलने यायचा बेत करू नका: ग्रँट रोडहून दादर, दादरहून ठाणे, ठाण्याला पुन्हा बदलून कोपरखैरणे. मी टॅक्सी केली आणि वाचवलेल्या पैशांतले बरेच तिथेच गेले.

दुकानदाराला एवढंच विचारा की वॉरंटीत माणूस घरी येतो की मॉनिटर आपण न्यायचा. आपण न्यायचा असेल तर खोकं आणि थर्माकोल टाकू नका. आमच्या माळ्यावर ते मावलं नाही, दोन वर्षं सोफ्यामागे उभं आहे आणि लेकीने त्यावर खिडक्या रंगवल्यात.